ठेवणीतले शब्द

खूप पूर्वी, डोंगरांना अजून नावं पडायची होती तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि लहानांच्या आडून ऐकणाऱ्या मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी.

एका घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. घाटापलीकडे दुसरं राज्य होतं आणि तिथली बोली अगदी निराळी होती. मोठे वैद्य त्या बोलीत बोलत, मोठा व्यापार त्या बोलीत चाले, राजाची फर्मानं त्याच बोलीत निघत. गावाला ती बोली हवी होती. पण गावात ती बोलत कुणीच नव्हतं.

त्याला कारण होतं. गावचा एक माणूस कधीकाळी पलीकडच्या दरबारात गेला होता आणि बोलताना चुकला होता. सगळा दरबार हसला. पुढे तो माणूस मेला, तो दरबारही मोडला, पण ते हसू गावाच्या कानांतून काही जाईना. मग गावातल्या जाणत्यांनी ठरवलं की पुरती आल्याशिवाय ही बोली तोंडाबाहेर काढायची नाही.

शिकायची मात्र सोडायची नाही! रोज संध्याकाळी जाणते देवळाच्या ओट्यावर बसत आणि पलीकडचे शब्द एका सुरात म्हणत. त्या शब्दांची एक लांबच लांब माळ होती. तिचा क्रम मोडायचा नाही, मधूनच एखादा शब्द उचलायचा नाही. लग्नकार्यातली पितळी भांडी फडताळातून काढावीत, चिंच लावून घासावीत आणि पुन्हा फडताळात ठेवावीत, तसे ते शब्द रोज लखलखीत करून आत ठेवले जात. त्यांत कधी कुणी कुणाला आमटी वाढली नाही.

"पुरती केव्हा येणार?" असं विचारलं की जाणते म्हणत, "माळ संपली की." आणि माळ संपत आली की त्यांना कुठून तरी आणखी शब्द सापडत.

या गावात दोन बहिणी होत्या, थोरली आणि धाकटी. आईबाप लवकर गेले, म्हणून काकांनी त्यांना वाढवलं. काका म्हणजे जाणत्यांतले पहिले. सगळी माळ न अडखळता म्हणणारे तेवढेच एक. थोरली लग्न होऊन घाटापलीकडे गेली. निघताना धाकटीच्या गळ्यात पडून ती म्हणाली, "माझी नुसती वाट बघत बसू नकोस. तूच ये."

धाकटी त्याच संध्याकाळी ओट्याशी गेली. "काका, मला शिकवा. मला ताईकडे जायचंय."

"बस. तोंड मिटून ऐक."

"तोंड मिटून बोलायला कसं येईल?"

"असले प्रश्न विचारणाऱ्यांना येतच नाही," काका म्हणाले, आणि बाकीचे जाणते हसले. दुसऱ्याच्या हसण्याची धास्ती घेतलेली माणसं स्वतः हसताना मात्र फार मोकळी असतात.

धाकटी बसली. कितीतरी उन्हाळे-पावसाळे बसली. माळेचा बराच भाग तिला पाठ झाला. पण 'दार' हा शब्द हवा असला तर पहिल्या शब्दापासून म्हणत यावं लागे, आणि दारापर्यंत पोचेस्तोवर दार कशाला हवं होतं तेच ती विसरून जाई. चार-दोन शब्द तेवढे तिच्या जिभेवर सुटे होते. ये, ऊठ, खा, पाणी. ते ती गोठ्यात लपून म्हशीशी बोलायची. म्हैस हसत नसे, हा म्हशीचा मोठा गुण.

दर हिवाळ्यात ती विचारी, "आता जाऊ?"

दर हिवाळ्यात काका म्हणत, "अजून कच्ची आहेस. तिथे जाऊन आमचं नाक कापशील."

घाटमाथ्यावर ढग टेकले की तिला वाटे, ताईच्या अंगणातूनही हेच दिसत असतील. ती बघत राही आणि तव्यावरची भाकरी करपे.

मग एका सकाळी मीठवाल्यांचा तांडा घाट उतरून आला. एका बैलाच्या पाठीवर, मिठाच्या गोण्यांच्या मधे, एक लहान पोर बसली होती. डोळे थोरलीचे, हनुवटीही थोरलीचीच. तांड्याच्या म्होरक्याला पलीकडच्या बोलीत मिठाचा भाव तेवढा सांगता येई. त्याने पोरीला खाली उतरवलं आणि तो म्हणाला, "बाप आधीच गेला होता. आता आईही नाही. शेजाऱ्यांनी या गावाचं नाव घेतलं, म्हणून आणली."

धाकटी होती तिथेच मटकन बसली.

पोरीने जमलेल्या सगळ्यांकडे पाहिलं आणि ती पलीकडच्या बोलीत बोलायला लागली; तिकडे थोरलीनेही घरात तीच बोली धरली होती. भडाभडा, हातवारे करत, जणू कुणीतरी तिच्याकडे सोपवलेलं काहीतरी सांडायच्या आत तिला देऊन टाकायचं होतं. तिच्या बोलण्यात 'आई' पुन्हा पुन्हा येत होतं, तेवढं धाकटीने ओळखलं. मधेच एकदा 'पाणी' आलं. बाकी सगळं कानांवरून वाहून गेलं.

सगळे काकांकडे पाहू लागले. काकांनी डोळे मिटले होते, ओठ हलत होते. "तिला थांब म्हणा," ते पुटपुटले. पण 'थांब' म्हणणार कोण? तो शब्द माळेत फार पुढे होता. पोरीचं सांगून झालं. कुणीच काही बोलेना, तेव्हा ती रडू लागली.

धाकटी उठली. "ये," ती पलीकडच्या बोलीत म्हणाली. "ये, ये. खा. पाणी."

"अगं, चुकलीस!" एक जाणता ओरडला. "असं गुरांना म्हणतात!"

पोरीने रडता रडता वर पाहिलं आणि ती फिसकन हसली. तिला अजून कुणी गुरासारखं हाकारलं नव्हतं. मग नाक पुसत ती आली आणि धाकटीच्या पदराआड शिरली.

आणि धाकटीला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की कुणी आपल्याला हसलं म्हणून आपण मरत नाही.

त्या दिवसापासून तिला एकच ध्यास लागला. ताईची सगळी वर्षं आता या एवढ्याशा तोंडात होती. ताई काय रांधायची, कशावर रुसायची, शेवटी काय म्हणाली, हे सगळं तिथे होतं आणि पलीकडच्या बोलीत होतं. ते मिळालं नाही तर ताई दुसऱ्यांदा जाणार होती.

आधी तिने अधाशीपणा केला. सकाळपासून पोरीच्या मागे लागली. हे काय, ते काय, याला काय म्हणतात? संध्याकाळपर्यंत तिच्या डोक्यात नुसता बाजार भरला. दुसऱ्या दिवशी बघते तो एकही दुकान उघडं नव्हतं.

मग तिने आपली रीत बदलली. सकाळी चूल पेटवताना एखाद-दुसराच नवा शब्द विचारायचा आणि दिवसभर त्याला राबवून घ्यायचं. राखेचा शब्द मिळाला की भांडी घासताना तो, चुलीतून राख काढताना तो, राखेत लोळलेल्या मांजरावर ओरडतानाही तोच. दिवेलागणीला काल-परवाचे शब्द पोरीला ऐकवायचे. विसरला तर पुन्हा विचारायचा, त्यात लाज कसली? 'ओलं' आलं की 'कोरडं' विचारावंसं वाटे. एक शब्द दुसऱ्याला हात धरून घरात आणत होता.

"मावशी, तू डाळ 'झोपव' म्हणालीस!" पोर पोट धरून हसे. "डाळ शिजवतात!"

"झोपू दे की जरा. दळून भरडून दमली असेल बिचारी."

हळूहळू ताई घरात यायला लागली. आधी नुसती तुकड्यातुकड्यांनी. आई... मीठ... हसली. पुढे काही दिवसांनी तीच गोष्ट पुरती कळली. आईने एकदा भाजीत दोनदा मीठ घातलं, पाहुण्याने मुकाट्याने सगळी खाल्ली, आणि तो गेल्यावर आई हसून हसून जमिनीवर लोळली. धाकटीही हसली. ताई अशीच लोळायची.

एकदा पोर म्हणाली, "आई रोज उंबऱ्यात उभी राहायची. डोंगराकडे बघत."

"कशाला?"

"म्हणायची, तिकडून माझं माणूस यायचंय."

धाकटीने पदराचं टोक तोंडात घातलं आणि ती चुलीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी काका दारात उभे. "पोरीशी आपल्या बोलीत बोलत जा. तुझ्या चुकांनी तिची बोली बिघडेल, आणि ते शब्दही बाटतील."

"बाटू देत," धाकटी म्हणाली. "ताई तिकडे रोज डोंगराकडे बघत होती, काका. आणि तुम्ही इथे मला कच्ची कच्ची म्हणत होतात. किती वर्षं? ती काय मी पिकायची वाट बघत बसणार होती?"

काका आल्या पावली परत गेले.

पण एक गोष्ट धाकटीच्या ध्यानातच आली नव्हती. पोर गावातल्या मुलांत खेळत होती. सागरगोटे खेळता खेळता, भांडता भांडता तिने गावची बोली केव्हाच उचलली. तिला कुणी तोंड मिटून शिकायला सांगितलं नव्हतं ना! आणि नवी बोली आत शिरत होती तशी जुनी बाहेर पडत होती. एकदा धाकटीने कसलासा शब्द विचारला तर पोर डोकं खाजवत म्हणाली, "त्याला ना... काय बरं म्हणायचो आम्ही?"

ज्या घाटाने धाकटी चढत होती, त्याच घाटाने पोर उतरत होती.

पहिल्या दिवशी पोरीने एका दमात जे सांगितलं होतं, ते धाकटीला सगळ्यांत जास्त हवं होतं. सुरुवातीला तिने एकदा विचारलं होतं, तेव्हा पोर रडवेली झाली होती. आणि धाकटीने मनाशी म्हटलं होतं, राहू दे. आपल्याला तरी आत्ता कुठे कळणार आहे? नीट येऊ दे, मग एकदाच पुरतं ऐकू.

नीट येऊ दे! देवळाचा ओटा सोडून ती आली होती, पण त्या ओट्याचा एक दगड तिच्याही मनात राहिला होता.

अखेर तो दिवस आला. दोघी अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. आता धाकटीला शब्द शोधावे लागत नव्हते, ते आपणहून येत होते. ती पलीकडच्या बोलीत, सावकाश, एकही चूक न करता म्हणाली, "बाळ, तू बैलावरून आलीस त्या दिवशी आम्हाला काय सांगत होतीस? आई शेवटी काय म्हणाली होती?"

पोरीने एक दाणा तोंडात टाकला. विचार केला. मग गावातलं कुठलंही पोर बोलेल तशा गावच्या बोलीत ती म्हणाली, "मी सांगत होते? मला नाही गं आठवत. बैल आठवतो. त्याचं एक शिंग वाकडं होतं."

"नीट आठव. आई निजली होती? पाणी मागत होती?"

"नाही ना आठवत, मावशी!" पोर वैतागली आणि खेळायला पळाली.

धाकटी तशीच उठली. पदरातले पावटे अंगणभर सांडले. ती थेट देवळाच्या ओट्यापाशी गेली. माळ चालू होती. तिने मधेच ती तोडली.

"काका, तुम्ही तिथे होतात. सगळे शब्द तुम्हाला येतात. त्या दिवशी ती काय म्हणाली?"

काकांनी मान वर केली नाही.

"शब्द ओळखीचे होते गं," ते म्हणाले. "एकही परका नव्हता. पण मी पहिलाच शब्द माळेत शोधत होतो. तो बरोबर आहे ना, ते ताडून बघत होतो. तेवढ्यात तिचं सांगून झालं."

"मग? पहिला शब्द तरी सापडला?"

"सापडला."

"काय होता?"

काकांना तो बोलायला फार वेळ लागला. इतक्या वर्षांत त्यांनी माळेबाहेर उच्चारलेला तो पहिला शब्द. त्याचा अर्थ होता, 'मावशीला'.

पुढचं वाक्य मग कुणालाच सापडलं नाही. ज्यांच्याकडे शब्द होते त्यांना ते बोलण्यात पकडता आले नाहीत, आणि जिला ऐकायचं होतं ती तयारी करत राहिली.

धाकटीने काकांना क्षमा केली की नाही, ते मला ठाऊक नाही. तिला त्यासाठी वेळ नव्हता. पोरीच्या तोंडात आणखी किती ताई शिल्लक आहे कुणास ठाऊक, म्हणून ती तशीच धावत घरी गेली, खेळातून पोरीला हाताला धरून बाजूला घेतलं आणि जे येईल ते, जसं येईल तसं विचारायला लागली.

ओट्यावर दुसऱ्या संध्याकाळपासून माळ झाली नाही. काही दिवसांनी काका अंगणाच्या कडेला येऊन उभे राहिले आणि त्यांनी पोरीकडे पलीकडच्या बोलीत पाणी मागितलं. शब्द चुकला. पोर खदखदून हसली. काकांचे कान लाल झाले, पण ते गेले नाहीत. त्यांनी तो शब्द पुन्हा म्हटला.

म्हणून सांगते, रोज थोडं शिकावं आणि चुकत का होईना, त्याच दिवशी बोलावं. आपली तयारी पुरी होईपर्यंत माणसं थांबत नाहीत.