पंजाखालची जागा

धामणखेडच्या वेशीत शिरताना उजव्या भिंतीत, छातीएवढ्या उंचीवर एक शिळा आहे. तिच्यावर वाघ कोरलेला आहे. त्याचे पुढचे पंजे कशावर तरी टेकलेले आहेत, पण ज्यावर टेकले तेच नाही. तिथे नुसता टवके उडालेला दगड. पाहुणे विचारतात, हे कोणत्या शत्रूने फोडले? म्हातारे महादू गुरव मान हलवतात. शत्रूचा हात इथवर पोचलाच नाही, म्हणतात.

फार पूर्वी इथली पाटीलकी रखमाजीकडे होती म्हणे. धाकटा भाऊ भिवजी स्वारीवर असे. त्याच्या घोड्याचा दाणा आणि त्याच्या बायकापोरांची भाकरी रखमाजीच्या नांगरावर चाले. एका लढाईत भिवजीने घाट राखला. सरदारांनी त्याला मान दिला, की गावच्या वेशीवर त्याने स्वतःचे चिन्ह कोरून घ्यावे, मनाला येईल ते. भिवजीने छावणीतून निरोप धाडला, तो भावाला नाही, थेट लखू पाथरवटाला.

तेव्हापासून रखमाजीला घास गोड लागेना, असे सांगतात. कालपरवापर्यंत भिवजीला लोक रखमाजीचा धाकटा म्हणत. आता बाजारात रखमाजीच भिवजीरावांचा थोरला झाला. न्हाव्याने दाढी करता करता म्हटले, "बरं झालं पाटील. वेस तुमची, वाघ त्यांचा." रखमाजी हसला. ते हसणे त्याला दिवसभर सलत राहिले.

पाडव्याला शिळा बसायची होती. त्याआधी एका दुपारी, लखू जेवायला गेलेला पाहून रखमाजीने शिळेवरचे गोणपाट उचलले. वाघ, आणि वाघाच्या पंजांखाली बैल. बैलाचे डावे शिंग मोडके. ते शिंग रखमाजीच्या नांगराच्या बैलाचे, पवळ्याचे होते. मुलखातल्या गडांच्या दारांवर असेच वाघ असतात, पंजाखाली हत्ती दाबलेले. पंजाखालचा तो हरलेला, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. विचारण्यासारखे काही उरले नाही. रखमाजीने लखूचाच हातोडा घेतला आणि बैल फोडून काढला.

लखू परतला, तुकड्यांपाशी बसला. म्हणाला, "पाटील, वाघाचा मागचा पाय बघितला का?"

पाय लुळा कोरलेला होता.

"घाटात धाकल्या पाटलांचा पाय गेला. दादाला कळवू नको म्हणाले. वाघ उभा आहे तो बैलाच्या जिवावर, एवढं दिसू दे लखूबा, असा निरोप होता."

रखमाजी त्याच पावली छावणीकडे निघाला. अर्ध्या वाटेत त्याला, त्या जखमेने गेलेल्या भिवजीची पगडी घेऊन येणारा घोडेस्वार भेटला.

लखू नवा बैल कोरून द्यायला तयार होता. रखमाजी म्हणाला, "नको. मी काढलाय, मीच उभा करीन." शिळा तशीच बसवली. पोळ्याला त्याने पवळ्याला वेशीत आणले आणि पाठ पंजांखाली येईल असे भिंतीलगत उभे केले. तो हयात होता तोवर दर पोळ्याला हे चालले.

आजही धामणखेडचा पोळा त्याशिवाय फुटत नाही. मानाचा बैल एखाद्या घरचा थोरला भाऊच आणतो, बिनझुलीचा, आणि शिळेखाली उभा करतो. बैल घटकाभर थांबतो, शेपटी हलवतो, पुढे जातो. पंजांखालची जागा पुन्हा रिकामी होते.