भट्टीचं झाकण

“पण मग माझंच ध्यान का लागत नाही, बाबा?”

अच्युतने हे विचारलं तेव्हा त्याचं अर्धं अंग भट्टीच्या पंख्याच्या पेटीत होतं. धुंडीबाबांचा मठ सातपुड्याच्या माथ्यावर, आणि पौषातली थंडी तिथे हाडं फोडते. म्हणून परदेशातल्या एका भक्ताने गरम हवेची भट्टी पाठवून दिली होती. तळघरात लाकडं पेटायची आणि पंख्याची मोटर ती ऊब वरच्या सभामंडपात ढकलायची. आज सकाळपासून मोटरने मौन धरलं होतं.

बाबा पायरीवर घोंगडी पांघरून बसले होते. लागत नाही म्हणजे नेमकं काय होतं, असं त्यांनी विचारलं.

“डोळे मिटतो. जरा बरं वाटायला लागतं. मग बघतो, लागलं का म्हणून... बघितलं की काहीच नसतं.”

“हं.”

अच्युतला रागच आला. ऐन उमेदीची वर्षं मठात घातली, आणि उत्तर काय, तर हं! त्याने पिशवी भरून दाराशी ठेवलीच होती. भट्टी चालू झाली की दुपारच्या एसटीने घर गाठायचं, तसं तो सांगूनही मोकळा झाला. बाबांनी त्यावरही नुसती मान हलवली.

खरं तर मोटरचं दुखणं त्याने सकाळीच शोधलं होतं. पंख्यात गोणपाटाची चिंधी अडकली होती, ती उपसून काढली. पंखा बोटाने भिरभिरायला लागला. तरी भिंतीवरचं बटण दाबलं की ढिम्म. फ्यूज बदलला, वायरी सोडल्या, परत जोडल्या, आणि दर वेळी आत डोकं घालून बघितलं, फिरतोय का. कॉलेजात मोटरी शिकलेला गडी, हार मानतो कसला! पण वर म्हातारी मंडळी कुडकुडत होती. सीतामावशींचा खोकला तळघरापर्यंत ऐकू यायचा आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

भिंतीवरचं बटण तसंच चालू ठेवून तो टेस्टर शोधायला वळला, तेवढ्यात मठाचा बोका उघड्या पेटीत जाऊन ऐसपैस बसला.

बाबा उठले. बोक्याला मानगुटीला धरून बाहेर काढलं, आणि तो परत शिरू नये म्हणून भिंतीला टेकवलेलं झाकण उचलून पेटीला दाबून बसवलं.

टक्.

घर्र... आणि मोटर सुरू झाली.

अच्युत बघतच राहिला. झाकण टेकतं तिथे, पेटीच्या काठावर, आणखी एक बारीक बटण होतं. सकाळपासून ते त्याच्या डोळ्यांसमोर होतं. झाकण बसलं की ते दाबलं जायचं, तरच मोटर फिरायची. म्हणजे चिंधी निघाली तेव्हाच सगळं ठीक झालं होतं!

वरून मावशींनी ऊब आल्याचं ओरडून सांगितलं. अच्युतला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं.

“एकदा उघडून बघू का, बाबा? नीट फिरतोय ना...”

बाबांनी बोका उचलला आणि पेटीवर ठेवला. बोका डोळे मिटून घुर्र घुर्र करायला लागला.

एसटी गेली. पिशवी दाराशीच राहिली.

संध्याकाळी उबदार सभामंडपात सगळे ध्यानाला बसले. अच्युतही शेवटच्या रांगेत बसला. बराच वेळ गेला. कधी नव्हे ते त्याला आतून निवांत वाटलं... अगदी निवांत.

मग त्याने हळूच एक डोळा किलकिला केला.

समोर बाबा बसले होते, डोळे मिटून.

“अच्युत,” ते म्हणाले, “झाकण कुणी उघडलं रे?”