राजकन्येचे दागिने वाढले त्याची गोष्ट

एका गावात एक भोळा हैबती होता. शहाणे हैबतीही गावात दोन होते, पण ते कामाला गेलेले असायचे, म्हणून गोष्टीत हाच सापडला.

त्या गावच्या राजाला एक मुलगी होती, मंजुळाराजे. तिला दागिन्यांची भारी हौस. ठुशी, बोरमाळ, चिंचपेटी, पोहेहार, वाकी, तोडे. खोलीभर दागिने. ते सांभाळायला राजाला माणूस हवा होता. जो यायचा तो आधी दागिन्यांकडे बघायचा आणि मग स्वतःच्या खिशाकडे.

राजाने हैबतीला विचारलं, "पोहेहार म्हणजे काय, ठाऊक आहे?"

हैबती म्हणाला, "हो. पोहे हरले."

राजा खूश झाला. याला दागिना म्हणजे काय तेच कळत नाही, हा चोरणार काय! हैबतीला त्याच दिवशी नोकरी लागली.

दुसऱ्या दिवशी मंजुळाराजेंनी निरोप पाठवला, "पोहेहार तयार ठेव. मी आलेच."

हैबतीने पोहेहार चाळणीत घेतला. दोनदा धुतला. मीठ, साखर, हळद लावून वर झाकण ठेवलं. ताईसाहेब आल्या तेव्हा तो कांदा चिरत होता.

"हार कुठाय?"

"भिजतोय. अजून मऊ पडला नाही."

राजवाड्यातली जुनी दासी होती गोदाक्का. तिने हार धुऊन पुसला आणि हैबतीचा कान पिळला. "मेल्या, दागिना भिजवतात होय? नीट ऐक. दागिना दिसला की कापसात गुंडाळायचा, पेटीत घालायचा आणि कुलूप लावायचं."

"दागिना दिसला की कापूस, पेटी, कुलूप," हैबती म्हणाला. त्याची स्मरणशक्ती चांगली होती. तीच तर पंचाईत होती.

दुपारी दिवाणजी आले. दिवाणजी सगळ्यांच्या चुका काढायचे. गोदाक्काला म्हणाले, "रांगोळी वाकडी आहे." ते पुढे गेल्यावर गोदाक्का पुटपुटली, "हे दिवाणजी म्हणजे एक दागिनाच आहेत बाई!"

हैबतीने ऐकलं. त्याला वाईट वाटलं. इतका मोठा दागिना आणि असा उघड्यावर फिरतोय.

संध्याकाळी राजाने विचारलं, "दिवाणजी कुठायत?"

"ठेवलेत," हैबती म्हणाला, आणि कमरेची किल्ली काढली.

पेटी उघडली. आत कापूस होता. कापूस शिंकला.

दिवाणजी दोन दिवस बोलले नाहीत. कापूस घशात गेला होता. तिसऱ्या दिवशी बोलले ते एवढंच, "याला हाकला!"

गोदाक्का मध्ये पडली. म्हणाली, "शिकेल हो. हैबती, माणूस आला की त्याला गुंडाळायचं नाही. पाटावर बसवायचं, गूळपाणी द्यायचं, काय हवं-नको ते विचारायचं. कळलं?"

"कळलं. पाट, गूळपाणी, काय हवं."

दुसऱ्याच दिवशी भरदुपारी दागिन्यांच्या खोलीत खिडकीतून एक माणूस आला. तोंडाला फडकं बांधलेलं, हातात पोतं. हैबतीने पाट मांडला.

"बसा. खिडकीतून यायला त्रास झाला असेल."

चोर बसला. दुसरं काय करणार? गूळ खाल्ला, पाणी प्यायला.

"काय हवं आपल्याला?"

चोराने उगीच म्हणून बघितलं. "ती मोठी नथ मिळेल?"

"घ्या ना. जेवून जाता का?"

नथ घेऊन चोर निघाला, तोही दारातून. जाताना पहारेकऱ्याला म्हणाला, "माणसं चांगली आहेत हो तुमची."

मंजुळाराजे हे ऐकून मटकन खाली बसल्या. नथीसाठी नाही. त्यांचं लग्न ठरलं होतं, शेजारच्या युवराजांशी. युवराजांना झकास शीळ वाजवता यायची आणि मंजुळाराजेंना ते फार आवडायचे. पण युवराजांच्या आईसाहेबांनी अट घातली होती, "सुनेचे दागिने माझ्या दागिन्यांपेक्षा कमी निघाले, तर लग्न मोडलं समजा." आईसाहेब आपली पेटी बरोबर घेऊन येणार होत्या. आणि मोठी नथ तर गेली!

"आता कसं गं होणार, गोदाक्का?" मंजुळाराजे रडायला लागल्या.

गोदाक्काने कपाळावर मारायला हात उचलला. तो चौकटीवर आपटला आणि बांगडी खळकन खाली पडली.

"बांगडी फुटली!" हैबती ओरडला.

"जीभ आवर! लग्नघर आहे हे. फुटली, मोडली, तुटली असलं अभद्र बोलू नये. बांगडी वाढली म्हणावं."

हैबतीने तुकडे बघितले. मघाशी एक होती, आता पाच झाल्या. वाढलीच की! पहिल्यांदाच त्याला कुणाचं बोलणं सरळ पटलं.

"नारळसुद्धा वाढतो?"

"तर! हा घे. देवापुढे वाढव."

हैबतीने खलबत्त्यातला लोखंडी बत्ता घेतला आणि एका घावात नारळ वाढवला. बरोबर मधोमध. गोदाक्का म्हणाली, "शाब्बास!"

हैबतीला आयुष्यात कुणी शाब्बास म्हटलं नव्हतं. तो बत्ता उशाशी घेऊन झोपायला लागला.

वऱ्हाड यायच्या दिवशी सकाळी राजा घाईघाईत आला. "हैबती, पाहुणे दुपारी पोचतील. सोनाराला बोलाव, काय वाटेल ते कर, पण ताईसाहेबांचे दागिने वाढव! भरपूर वाढव!"

"मी असताना सोनार कशाला?" हैबती म्हणाला, आणि आत जाऊन कडी लावली.

खोलीतून ठाण ठाण आवाज यायला लागला. राजा मिशीला पीळ देत म्हणाला, "दागिने घडवतोय. गुणी निघाला पोरगा."

वऱ्हाड आलं. आईसाहेबांची पेटी चार माणसांनी उचलून आणली. हैबती घाम पुसत बाहेर आला.

"वाढले का रे?" राजाने विचारलं.

"इतके वाढले महाराज, की मोजायला बसलो तर लग्न राहील."

मंजुळाराजेंचा जीव भांड्यात पडला. आईसाहेबांचा चेहरा मात्र पडला. मग त्या हळूच जवळ आल्या. "काय रे बाबा, आमचेही वाढवून देशील का?"

"देतो की. तुमचे नाजूक आहेत, लवकर वाढतील."

पेटी आत गेली. ठाण ठाण ठाण. आईसाहेब सरबत पिता पिता म्हणाल्या, "काय हो मेहनती माणूस तुमचा!"

थोड्या वेळाने हैबतीने दोन घमेली आणून गालिच्यावर ओतली. मोत्यांचा भुगा, सोन्याचे चपटे तुकडे, माणकांचा चुरा. दोन्ही ढीग एकमेकांत मिसळून गेले.

सगळे ढिगाकडे वाकून बघायला लागले. शेवटी मंजुळाराजे म्हणाल्या, "आता कुणाचे जास्त, ते सांगा!"

आईसाहेबांना कंठ फुटला. "लग्न मोडलं! मोडलं म्हणजे मोडलं!"

"शूऽऽ!" हैबतीने तोंडावर बोट ठेवलं. "मोडलं म्हणू नये, आईसाहेब. लग्न वाढलं म्हणावं." आणि कुणी अडवायच्या आत मांडवात जाऊन त्याने आरोळी ठोकली, "ऐका होऽ, लग्न वाढलंऽऽ!"

आचाऱ्यांनी आणखी दोन हंडे भात चढवला. वाजंत्रीवाल्यांनी शेजारच्या गावची वाजंत्री बोलावली. अख्खं गाव जेवायला लोटलं. भटजींना वाटलं, एवढं मोठं लग्न आपल्याने आवरणार कसं? त्यांनी घाबरून लगेच मंगलाष्टकं सुरू केली. तेवढ्यात युवराजांनी शीळ घातली. मंजुळाराजे धावत येऊन पाटावर उभ्या राहिल्या.

आईसाहेब "थांबा, थांबा!" ओरडत होत्या. दोन गावची वाजंत्री वाजत होती.

गर्दी एवढी, की अक्षता कमी पडल्या. हैबती पळत गेला, गालिच्यावरचं सगळं घमेल्यांत भरून आणलं आणि मूठ मूठ वाटलं. "शुभ मंगल सावधान" झालं आणि नवरानवरीवर दोन्ही राज्यांचे दागिने पडले. आईसाहेब लोकांच्या पागोट्यांतून माणकं वेचत फिरल्या, तोवर हार घालून झाले होते.

मंजुळाराजेंचं लग्न लागलं. केसांत थोडी बोरमाळ अडकली होती, पण त्या हसत होत्या. राजाने डोळे पुसले. रागवावं की मिठी मारावी, हे त्याला ठरवता येईना.

पंगत बसली. पहिल्या रांगेत आईसाहेब, शेजारी दिवाणजी. पानं मांडून झाली, पण भात काही येईना. राजाने हैबतीला हाक मारली.

"अरे, उभा काय राहिलास? पाहुण्यांना वाढ!"

हैबतीने बाह्या सरसावल्या आणि बत्ता उचलला.

"आधी कुणाला वाढू, महाराज?"

दिवाणजी पानावरून उठले, दागिन्यांच्या खोलीत गेले, अंगाला नीट कापूस गुंडाळला, पेटीत उतरले आणि झाकण आतून ओढून घेतलं.