दिवाणजींच्या घरचं पाणी

शिरवली संस्थानचे राजे उदाजीराव पुरते गोंधळून गेले होते. गावाच्या वरच्या अंगाला रंगाऱ्यांचे कारखाने होते आणि त्यांचं सांडपाणी थेट नदीत येई. वैद्य म्हणत, त्या पाण्यानं घरोघरी आजार पसरलाय, सांडपाण्यासाठी वेगळा चर खणा. दिवाण विसाजीपंत म्हणत, चर खणायचा तर खजिना रिकामा होईल. राजांना दोघांचंही पटे.

शेवटी भर दरबारात विसाजीपंतांनी उपरणं सावरलं. "महाराज, चराचा खर्च मी आत्ता मोजून दाखवतो. स्वच्छ पाण्याचं मोल कुणी मोजून दाखवावं, मी उद्याच कुदळ मारतो."

राजांनी गोंधळून आपल्या आत्याकडे, चिमणाबाईंकडे पाहिलं.

"दिवाणजी," त्या म्हणाल्या, "नदी तुमच्या परसाला लागून वाहते. मग तुमच्याकडे रोज डोंगरातल्या झऱ्याचं पाणी बैलगाडीनं का येतं?"

"नदीच्या पाण्यानं नातवंडं आजारी पडतात, बाईसाहेब."

"गाडीचा खर्च परवडतो?"

"नातवंडांपुढं खर्चाचं काय?"

"मग एका घराला स्वच्छ पाणी केवढ्याचं वाटतं, ते तुम्ही रोजच मोजता की. आता गावातली घरं तेवढी मोजा."

राजांना कितीतरी दिवसांनी काहीतरी स्वच्छ कळलं.

"नातवंडांना झऱ्याचंच पाणी द्या," ते म्हणाले. "चर पुरा होईपर्यंत तुम्ही आणि मी मात्र नदीचं पिऊ."

चर पावसाळ्याच्या आत पुरा झाला.