पाटलाच्या दारावरचा डहाळा

एका गावात एक पाटील होता. माणूस वाईट नव्हता, पण लोक काय म्हणतील याचा त्याला भारी धाक.

त्या गावात एक चांगली रीत होती. ज्या घरात गोवर निघे, त्या घराच्या दारावर कडुलिंबाचा डहाळा बांधत. डहाळा दिसला की कोणी आत जात नसे, त्या घरची मुले शाळेत जात नसत आणि शेजारीपाजारी उंबऱ्याबाहेर भाकरी-भाजी ठेवून जात. यात कुणाला कमीपणा वाटत नसे.

एका वर्षी पलीकडच्या मुलखात दुष्काळ पडला आणि दगड फोडणारी काही कुटुंबे गावाच्या कडेला येऊन राहिली. त्यांची मुले गावच्या शाळेत बसू लागली. थोड्याच दिवसांत त्यांच्यातल्या एका बाईच्या मुलाला गोवर निघाला. तिने गावची रीत विचारून घेतली आणि आपल्या झोपडीला डहाळा बांधला.

झाले, गावाला बोट दाखवायला जागा मिळाली. चावडीवर माणसे जमली. कोणी म्हणाले, रोग यांनीच आणला. कोणी म्हणाले, यांची मुले शाळेत नकोत. काहींना खरोखरच आपल्या लेकरांची काळजी होती, काहीजण नुसतेच तोंडसुख घेत होते. वैद्यबुवांनी समजावून पाहिले.

"गोवर कुठून आला ते मला सांगता यायचं नाही," ते म्हणाले. "पण आज तो कोणाच्या घरात आहे एवढं कळलं, तर आवरता येईल. त्या बाईने ते आपणहून सांगितलंय. तिला शिक्षा कसली करता?"

पाटलाने जमलेल्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिले आणि त्यांना हवा तोच निवाडा दिला. ज्या घरावर डहाळा दिसेल, त्या घराने गाव सोडायचे. बाईने मुलाला कडेवर घेतले. तिच्याबरोबर तिची सगळी माणसे ओढ्यापलीकडे निघून गेली.

त्यानंतर गावात एकाही दारावर डहाळा दिसेना. पाटील ऐटीत फिरू लागला. आपण गोवर हद्दपार केला, असे तो आल्यागेल्याला सांगे.

मग एका सकाळी त्याची धाकटी लेक तापाने फणफणली. कानामागे, कपाळावर लाल पुरळ उमटले. पाटलीणबाई डहाळा आणायला गड्याला हाक मारणार, तोच पाटील दारात आडवा उभा राहिला.

"आपल्या दारावर डहाळा लागला, तर माझाच कायदा मला गावाबाहेर काढील," तो म्हणाला. "कुणाला कळता कामा नये."

वैद्यबुवांना बोलावले तर गवगवा होईल, म्हणून बोलावले नाही. पाटलाच्या थोरल्या मुलाच्याही डोळ्यांत लाली उतरली होती. पण तो शाळेत दिसला नाही तर लोक विचारतील, म्हणून त्याला शाळेत धाडले.

लेकीचा ताप उतरेना. तिचे डोळे सुजले, चिकटले. शेवटी तिने आईला दिवा लावायला सांगितले, तेव्हा बाहेर लख्ख ऊन होते.

पाटील मग उठला, आणि भर दुपारी सगळ्यांदेखत त्याने आपल्या हाताने दारावर डहाळा बांधला. आता लोक आपल्याला हाकलतील म्हणून तो तिथेच मान खाली घालून उभा राहिला. पण समोरच्या घरातला म्हातारा काठी टेकत बाहेर आला आणि त्यानेही डहाळा बांधला. मग शेजारच्याने, मग त्यापलीकडच्याने. घरोघरी पोरे आजारी होती आणि सगळ्यांनीच लपवली होती. वैद्यबुवा दारोदार फिरू लागले. बरीच मुले सावरली, पण पाटलाच्या लेकीची नजर काही परत आली नाही.

पाटील ओढ्यापलीकडे गेला. हात जोडून त्याने त्या बाईला परत यायची विनंती केली आणि तिच्या मुलाची चौकशी केली.

"तो केव्हाच बरा झाला, पाटील," बाई म्हणाली. "आम्ही त्याचं दुखणं झाकून ठेवलं नव्हतं. तुमची पोरगी कशी आहे?"



तात्पर्य: आजाऱ्याला अपराधी ठरवले की आजार गाव सोडत नाही, तो दाराआड जाऊन वाढतो.