उखाजीच्या गव्हाला पाणी

एका गावात तापीराम आप्पा नावाचे पाणीपंच होते. नदीवर जुना दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, आणि त्या पाटाचं पाणी कुणी कधी घ्यायचं हे ठरवणारे आप्पा. एक-दोन नाही, चांगली तीस वर्षं! पाण्यापायी भाऊ भावाच्या डोक्यात फावडं घालतो हो. पण या गावात तीस वर्षांत पाण्यावरून कुणाचं डोकं फुटलं नाही. आप्पांचा शब्द पडला की विषय संपला.

एका माणसाचं मात्र आप्पांशी हाडवैर होतं. त्याचं नाव उखाजी. त्याचं शेत पाटाच्या अगदी शेवटाला. बारा वर्षांपूर्वी त्याने पाट फोडून दुसऱ्याच्या पाळीचं पाणी चोरलं होतं. आप्पांनी त्याला सगळ्या गावादेखत आठ दिवस पाटातला गाळ उपसायला लावलं. तेव्हापासून आप्पा समोरून आले की उखाजी वाट बदलायचा. "मोठा आला न्याय करणारा!" असं बांधावरच्या बाभळीला ऐकवायचा. आप्पांना ऐकवायची छाती कुठली असायला!

त्या गावची एक रीत होती. गावात कुणी वारलं की पाट बंद. मयताच्या घरी चूल पेटत नाही, मग शिवारात पाणी कसं खेळवायचं, असं जुनी माणसं म्हणत. राख सावडेपर्यंत, म्हणजे तिसऱ्या दिवसापर्यंत, पाटाच्या तोंडाची फळी कुणी उचलायची नाही. मधे ज्याची पाळी आली त्याची बुडाली. आप्पांनी दोनदा गावापुढे हात जोडून सांगून पाहिलं, "बाबांनो, ही रीत जित्या माणसाच्या पोटावर येते." म्हातारे अंगावर धावून आले. "गेलेल्याचा एवढाही मान ठेवायचा नाही का?" आप्पा गप्प बसले. गावाचं मन दुखवून नियम लादणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

एका साली नदी लवकर आटली. बंधाऱ्यात जेमतेम एका पाळीचं पाणी उरलं. तेही दगडांच्या फटींतून झिरपत होतं, तीन दिवसांत तळ दिसला असता. शेवटची पाळी होती उखाजीची. गहू चिकात आलेला, म्हणजे दाणा भरायची वेळ. हे एक पाणी मिळालं तर पोती भरणार, नाही मिळालं तर ओंबीत नुसता भुसा. घरात खाणारी सात तोंडं. आणि नेमके त्याच वेळी आप्पा अंथरुणाला खिळले. उखाजीच्या पाळीच्या आदल्या दिवशी वैद्यांनी आशा सोडली.

आता गंमत बघा. बारा वर्षं ज्याच्या नावाने बोटं मोडली, त्याच्यासाठी उखाजीने मारुतीला नारळ बोलला! "देवा, तेवढा उद्याचा दिवस म्हाताऱ्याला सांभाळ. मग तुझं तू बघ." स्वतःशीच बोलला आणि स्वतःच ओशाळला.

दिवस उगवला. गावात रडारड नव्हती. उखाजीचा जीव भांड्यात पडला. पाटकरी सुका, म्हणजे पाटाची राखण करणारा माणूस, आला आणि त्याने मुकाट्याने फळी उचलली. पाणी पाटातून धावत निघालं.

"आप्पा कसे आहेत रे?" उखाजीने विचारलं.

"तू दारं धर," सुका म्हणाला. "पाणी वाया घालवू नकोस."

उखाजी एकेका वाफ्याचं तोंड उघडत होता, भिजलेल्या वाफ्याचं बंद करत होता. पण कान गावाकडे. कुत्रं रडलं तरी दचके. दुपार झाली, निम्मं शेत भिजलं, तेव्हा त्याला राहवेना. सुकाच्या हाती फावडं देऊन तो तरातरा गावात गेला आणि बारा वर्षांत पहिल्यांदा आप्पांच्या अंगणात उभा राहिला.

आप्पांची बायको, गोदाकाकी, ओट्यावर सूप घेऊन दाणे पाखडत होती. तिच्या पाठीमागचं घराचं दार लोटलेलं होतं.

"काकी, आप्पा..."

"पडलेत," ती म्हणाली. सूप थांबलं नाही. "आत जाऊ नका. तुमचं पाणी चालू आहे ना? मग इथे काय करताय? जा, बांध फुटेल."

उखाजी हलका होऊन परतला. वाटेत पुटपुटलासुद्धा, "बघा, अजून गुर्मी तेवढीच! दारात आलेल्याला पाणी विचारलं नाही."

सूर्य कलला. शेवटच्या वाफ्यात पाणी शिरलं, कडेला टेकलं. सुकाने जाऊन फळी टाकली. मग तो स्वतःच्या घरी न जाता थेट आप्पांच्या घराकडे निघाला. उखाजीला काही कळेना. तो चिखलाच्या पायांनी त्याच्या मागे गेला.

गोदाकाकी अजून ओट्यावरच होती. सुका अंगणात उभा राहून म्हणाला, "काकी, शेवटचा वाफा भिजला."

तिच्या हातातलं सूप गळून पडलं. आणि त्या बाईने असा टाहो फोडला, असा टाहो फोडला, की सगळं गाव हातातलं काम टाकून धावत आलं. लोकांनी दार उघडलं. आत आप्पा शांत पडले होते. अंग कधीच थंड झालं होतं.

"कधी?" उखाजीने विचारलं. "कधी गेले?"

"पहाटे," सुका म्हणाला. "काल त्यांनी आम्हा दोघांकडून वचन घेतलं. म्हणाले, मी गेलो तर उखाजीची पाळी होईपर्यंत कुणी रडायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. माझ्या मानापायी त्याचा गहू जायला नको."

"म्हणजे दुपारी मी आलो तेव्हा..."

"तेव्हा मला आतून हुंदका येत होता, भाऊ," गोदाकाकी म्हणाली. "म्हणून सूप थांबवलं नाही. तुमचा गहू तरला ना? त्यांना तेवढाच घोर होता."

नवरा आत मरून पडलेला, आणि ही माउली एका वैऱ्याच्या गव्हासाठी दिवसभर दाणे पाखडत बसली! काय ते घर, काय ती माणसं! उखाजीने आप्पांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि लहान पोरासारखा रडला. ज्या म्हाताऱ्यांनी आप्पांना गप्प केलं होतं, त्यांच्या माना खाली गेल्या होत्या.

पाट तीन दिवस बंद राहिला. त्यात आता कुणाचंच काही जाणार नव्हतं. तिसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर उखाजी सगळ्यांसमोर उभा राहिला.

"गावकऱ्यांनो," तो म्हणाला, "उद्या माझ्या घरात कुणी गेलं तर पाट बंद करू नका. मला माझ्या माणसासाठी पोटभर रडायचं आहे. गोदाकाकीसारखा हुंदका गिळायची ताकद माझ्यात नाही, आणि ती वेळ पुन्हा कुणा बाईवर यायला नको."

सगळ्यात वयस्क म्हातारा उठला, "ही रीत आजपासून बंद," म्हणाला आणि त्याने स्वतःच्या हाताने पाटाची फळी उचलली. त्या दिवसापासून त्या गावात मयतापायी पाट बंद झाला नाही. उलट, ज्याच्या घरी दुःख आहे त्याची पाळी आली, तर शेजारीपाजारी त्याच्या शेतात दारं धरू लागले. पहिला हजर असायचा तो उखाजी.

तात्पर्य: आपल्या मानापायी दुसऱ्याच्या तोंडचा घास जात असेल, तर तो मान जो सोडून देतो, तोच खरा मोठा, मग तो घास वैऱ्याचा का असेना.