रिकाम्या टोपल्या

“…आणि ही पोती कुणाची?”

ऋजुताने हे विचारलं तेव्हा मठीतले बैरागीबाबा चुलीवरच्या डाळीत हळद टाकत होते. त्यांनी आधी डाळ ढवळली. मग वर पाहिलं.

“बसा नं, बाई.”

ती बसली नाही.

मठीच्या मागे पत्र्याखाली पोती रचलेली होती, तोंडं सुतळीने शिवलेली. एका पोत्याचा कोपरा उसवला होता आणि त्यातून चहाचे कागदी कप डोकावत होते. काठाला निळी रेघ असलेले ते कप ती ओळखत होती. पंचायत समितीच्या फाटकासमोरची टपरी सोडली, तर गावात तसे कप कुठेच मिळत नव्हते.

ऋजुता काळमेघ ही या तालुक्याची गटविकास अधिकारी. परदेशात पर्यावरणाचं शिकून परतली, परीक्षा दिली आणि पहिलीच नेमणूक इथे, संत्र्याच्या बागांच्या मुलखात मिळाली. आल्या आल्या तिने कचऱ्याला हात घातला. सरकारी कचेरीने गावोगाव ओला-सुका शिकवत हिंडायचं आणि आपल्याच टेबलाखाली खरकटं, कागद, प्लॅस्टिक एकत्र कोंबायचं, हे तिला सहन होईना. पाठकोरे कागद वापरात आले. पाण्याच्या बाटल्या गेल्या, माठ आले. आणि दर शुक्रवारी प्रत्येकाच्या टेबलाखालची टोपली काट्यावर चढू लागली. वजन फळ्यावर, नावासकट.

सुरुवातीला लोक हसले. मग वजनं उतरू लागली. मग टोपल्या रिकाम्याच येऊ लागल्या. बांधकाम, शिक्षण, लेखा… सगळ्यांच्या, चाटूनपुसून स्वच्छ. जिल्ह्याच्या बैठकीत तिचं कौतुक झालं. शेजारच्या तालुक्याचे साहेब मुद्दाम बघायला आले आणि फळ्याचा फोटो काढून गेले.

साहेबांची गाडी वळणाआड गेली आणि तिच्या मनात पाल चुकचुकली.

चहा तर पूर्वीइतकाच येत होता. वाढदिवसाचे केक कापले जात होते. जिन्याच्या कोपऱ्यात तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकलेला दिसायचा, पण खर्‍र्‍याची प्लॅस्टिकची पन्नी कुठे दिसायची नाही. मग हे सगळं जात कुठे होतं?

त्या दिवसापासून ती माणसांकडे निरखून पाहू लागली. ती खोलीत शिरली की बोलणं तुटायचं. हेडक्लार्क तायडे गरजेपेक्षा जास्त अदबीने उठून उभे राहायचे. कुणी हसलं तरी तिला वाटायचं, आपल्यालाच हसतात. मग एका संध्याकाळी खिडकीत उभी असताना तिला कळलं की काय चुकतंय. माणूस सकाळी भरला डबा आणतो आणि संध्याकाळी रिकामा नेतो. हिच्या कचेरीत पिशव्या सकाळी लुळ्या येत होत्या आणि संध्याकाळी फुगून जात होत्या.

सगळ्यांत फुगलेली पिशवी शिपाई शालिकरामची. आणि तो फाटकातून जात नसे. मागच्या पडक्या भिंतीच्या खिंडारातून बैराग्याच्या मठीकडे उतरायचा.

रद्दी विकतो, तिने ठरवून टाकलं. निलंबनाचा प्रस्ताव टाइप करून घेतला. उद्या सही झाली की तो जिल्हा परिषदेत जाणार होता. शालिकराम निवृत्तीला आलाय, त्याची पेन्शन अडकेल, असं तायडेंनी खाली मान घालून सांगून पाहिलं. त्यांचं मान खाली घालणंही तिला संशयाचंच वाटलं. त्याला मालासकट पकडावं म्हणून आज ती कचेरी सुटण्याआधीच इथे येऊन उभी राहिली होती.

“शालिकराम आणतो ना हे?”

“तोही आणतो.”

“आणखी कोण?”

“कोण आणत नाही, ते विचारा.”

तिने पत्र्याकडे पाहिलं. नवा होता. तो कुणी दिला, हे तिने विचारलं. एका बागवाल्याने दिला, असं बाबा म्हणाले. त्या बागवाल्याचं नाव विचारलं, तेही त्यांनी सांगितलं. रद्दीवाला इथे कधी येतो, हे विचारल्यावर म्हणाले, वाट चुकला तर येत असेल. मग तिला वाटलं, जाळत असतील. ती वाकली आणि चुलीच्या बाजूची राख काडीने उकरून पाहिली. राख लाकडाचीच होती. बाबा डाळीतला डाव बाजूला धरून तिचं होईपर्यंत थांबले.

“विकत नाही, जाळत नाही. मग करता काय याचं?”

“ठेवतो.”

“कशाला?”

“ज्याचं आहे तो मागायला आला, तर नाही म्हणाया नको.”

थट्टा चाललीय, असं तिला वाटलं. पण चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

हा सरकारी कार्यालयातला माल आहे, उद्या पंचनामा होऊ शकतो, तुमचंही नाव त्यात येईल, हे तिने एका दमात ऐकवलं. बाबांनी मान डोलावली. पंचनाम्याला येणाऱ्यांची संख्या आधी कळवली तर डाळ त्या हिशोबाने टाकता येईल, एवढंच ते म्हणाले. मग बोटावर घेऊन मीठ पाहिलं.

“बाई, तुमच्या टोपलीचं वजन म्हणे कधी भरलंच नाही?”

“नाही.” तिची मान ताठ झाली. फळ्यावर सगळ्यांत वर तिचं नाव होतं आणि पुढे शून्य, पहिल्या शुक्रवारपासून.

“दुपारी खात नाही काही?”

“खाते की.”

“मग?”

खांद्यावरची कापडी पिशवी तिने नकळत पोटाशी धरली. मग सांगून टाकलं. आपला कचरा ती कचेरीत ठेवत नाही. संध्याकाळी सगळा या पिशवीत भरते आणि घरी नेते. लपून नाही, सगळ्यांच्या समोर. साहेबानेच केलं नाही तर लोक शिकणार कसे?

बाबांनी पिशवीसाठी हात पुढे केला.

इतके दिवस ती दुसऱ्यांच्या पिशव्यांकडे पाहत होती. आपली दुसऱ्याच्या हातात द्यायला तिचा हात उठेना. शेवटी तिने ती खाली ठेवली.

बाबांनी एकेक वस्तू काढली आणि चुलीपुढच्या सारवलेल्या जमिनीवर मांडली. संत्र्याची सालपटं. चहाच्या ओल्या पुड्या. संपलेलं पेन. बिस्किटाचा कागद, नीट घडी घातलेला.

“घरी नेऊन याचं काय करता?”

“खत.”

“झालं?”

खताची बादली तिने क्वार्टरच्या गॅलरीत ठेवली होती. तिच्यात अळ्या झाल्या. खालच्या मजल्यावरच्यांनी वास येतो म्हणून तक्रार केली. तेव्हापासून ही पिशवी सकाळी घंटागाडीत रिकामी होत होती. गाडीला कप्पा एकच, ओलं-सुकं सगळं एकत्र. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

“घंटागाडीत जातं,” ती म्हणाली.

बाबांनी नुसतं “हूं” केलं, जणू कुणी गावाचं नाव सांगितलं आणि ते ओळखीचं निघालं.

मग त्यांनी सांगितलं. शालिकरामचं घर एका खोलीचं, त्यात सून बाळंतीण. पिशवी घेऊन गेला, तर बाळाच्या उशाशी ठेवायची का? तायडेंच्या बायकोने तर पिशवी दारातूनच अंगावर फेकली होती. पण मॅडम रोज आपली पिशवी घेऊन निघतात आणि शुक्रवारी मॅडमचं शून्य येतं, हे सगळे पाहत होते. आपलंही शून्य यायला पाहिजे. नेणार कुठं, बाई?

ऋजुता खाली बसली. धूर डोळ्यांत जात होता. तरी संशय सुटत नव्हता.

“हे सगळं बोलायला शालिकरामने शिकवून पाठवलं तुम्हाला?”

“मी कुठं गेलो? तुम्हीच आल्या.”

मागे खडे घसरले. खिंडारात शालिकराम उभा होता, फुगलेली पिशवी छातीशी धरून. पुढे यावं की मागे जावं हे त्याला कळत नव्हतं. त्याने बाबांकडे पाहिलं, मांडलेल्या सालपटांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“मॅडम… सही झाली का जी?”

तिला त्याच्याकडे बघता येईना. ती बाबांकडे वळली. त्याचं चुकलं असेल तर माझंही चुकलंय, माझ्यावरही कारवाई व्हायला पाहिजे, मीच वर लिहून कळवते, असं ती भराभरा बोलू लागली. आवाज चढला. बाबांनी तेवढ्यात चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं. ती थांबली.

“मला फक्त एवढं सांगा. उद्या सही करू, की नको?”

बाबांनी सालपटं गोळा केली, पिशवीत घातली आणि पिशवी तिच्या हातात दिली.

“उद्या शुक्रवार नं?”

“हो.”

“संत्रं खा. साल तुमच्याच टोपलीत टाका, वजनाच्या आधी. याच्या देखत.”